तेलआत्याचा मुका फोन

तेलआत्याला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तिच्या हातांना, कपड्यांना, पिशवीला, अगदी छत्रीच्या दांड्यालाही तेलाचा वास येतो, म्हणून ती तेलआत्या. बाळ-बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घालायची, हे तिचं काम. अर्धी वस्ती तिच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून, भोकाड पसरून मोठी झाली आहे. त्यातले काही आता टक्कल पडलेले बापे झालेत, पण रस्त्यात दिसले की ती त्यांना विचारते, "काय रे, मान धरायला लागलास का?"

स्वभावाने ती संशयी. थोडीथोडकी नव्हे. दुधाची पिशवी घेतली तर आधी उलटी करून बघणार. डॉक्टरने गोळी लिहून दिली तर विचारणार, "तुमच्या आईला हीच दिली असती का?" धाकटी बहीण तिच्याच घरात राहते. ती म्हणायची, "अगं, देवाने प्रसाद दिला तरी तू आधी हुंगून बघशील." त्यावर तेलआत्याचं उत्तर ठरलेलं असे. "देवावर भरवसा आहे. मधल्या हातांवर नाही."

पण तिच्या संशयाला तिच्या कामाचंच वळण होतं. नवं बाळ बोलत नाही. पाणी कढत आहे, दुपट्यात पिन राहिली आहे, बघायला आलेल्या पाहुणीला खोकला आहे, यातलं काहीही ते सांगू शकत नाही. न बोलणाऱ्या जिवाची राखण करायची, तर बोलणाऱ्या सगळ्यांवर संशय घ्यावाच लागतो. इतकी वर्षं तिने तो घेतला आणि एकाही पोराला तिच्या हातून ओरखडा उठला नाही.

अशा या तेलआत्याला परदेशातून बोलावणं आलं. पलीकडच्या इमारतीतली चिमणी लग्न होऊन नवऱ्याबरोबर परदेशी गेली होती. तिथेच बाळंत झाली. तिची आई जायची होती, पण निघायच्या आधीच जिन्यावरून पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. आई म्हणाली, "तेलआत्या, तू जा. तुझ्याच पायांवर वाढलेली पोर आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती तिचं बाळ द्यायला माझं मन धजत नाही."

तेलआत्याने होकार दिला, पण तिच्यासमोर एक मोठा प्रश्न होता. तिचा फोन नंबर. हा नंबर गावभर घराघरांत लिहिलेला. कुणाची सून अडली, कुणाला दिवस भरत आले, की याच नंबरवर फोन येई. तो उचलला गेला नाही, किंवा आत्या परदेशी गेली असं कळलं, की काम गेलंच पलीकडच्या आळीतल्या मालीशवालीकडे. आणि एकदा गेलेलं घर परत येत नाही. या धंद्यात घर धरून ठेवावं लागतं, एका पिढीकडून दुसरीकडे.

तेव्हा तिने आपलं डोकं चालवलं. आपलं सिम काढून धाकटीच्या फोनमध्ये घातलं, धाकटीचं सिम आपल्या फोनमध्ये घेतलं. दोन्ही सारखीच दिसत, म्हणून धाकटीच्या सिमवर नेलपेंटचा लाल ठिपका दिला. आणि धाकटीकडून घोकून घेतलं. "कुणीही फोन केला तरी काय म्हणायचं?"

"आत्या बाळाला अंघोळ घालतेय, मागून फोन करते."

"मी परदेशी गेले हे?"

"मेले तरी सांगणार नाही."

"मरू नकोस. फोन कोण उचलेल मग?"

तिकडून जावईबापूंनी, म्हणजे चिमणीच्या नवऱ्याने, आत्याच्या नंबरवर परदेशात चालणारा पॅक टाकल्याचं कळवलं होतं. आत्याने त्याचा असा अर्थ लावला की पॅक फोनमध्ये टाकतात, जसं डब्यात तेल टाकतात. डबा आपल्याजवळ आहे, मग झालं तर. सिम बदलल्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. चिमणीच्या आईलाही नाही. बायकांच्या पोटात एक गोष्ट राहात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने आयुष्यभर त्यांच्या पोटांचंच काम केलं होतं.

निघताना धाकटीने कानात सांगितलं, "हे बघ, पासपोर्ट हातचा सोडू नकोस. परदेशात नेतात, पासपोर्ट काढून घेतात, फोन बंद पाडतात आणि बाईला घरात डांबतात. मी ऐकलंय." तेलआत्या हसली. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

विमानतळाबाहेर एक उंच, चष्मेवाला तरुण पुढे आला. "आत्या, या. मी चिमणीचा नवरा."

फोटोत पाहिला होता तसाच होता. पण फोटो काय, कुणीही कुणाचा दाखवेल. तेलआत्याने बॅगेची मूठ सोडली नाही. "चिमणीच्या पाठीवर डाव्या खांद्यामागे काय आहे?"

जावई गोरामोरा झाला. आजूबाजूला पाहत हळूच म्हणाला, "तीळ."

"किती मोठा?"

"आत्या, गाडी तिकडे उभी आहे हो."

गाडीत बसल्यावर तिने विमानात बंद केलेला फोन काढला. तो म्हणाला, "द्या, मी चालू करून देतो." सिग्नलला गाडी थांबली की तो त्यात बोटं फिरवी, आणि मधेच आपल्या फोनवर कुणाशी तरी तिकडच्या भाषेत बोले. फोन परत हातात आला तेव्हा वरच्या कोपऱ्यात रेघांच्या जागी फुली होती आणि लिहिलं होतं, सेवा नाही.

"बघू घरी गेल्यावर," जावई म्हणाला.

निघाले तेव्हा चालत होता, तेलआत्याच्या मनात आलं. याच्या हातात गेला आणि मुका झाला.

घर उंच इमारतीत होतं. खालच्या दाराला कुलूप नव्हतं, आकडे दाबायचे होते. जावयाने ते पाठमोरं उभं राहून दाबले. वर पोचल्यावर चिमणी गळ्यात पडून रडली, ओलेत्या केसांनी, सुजल्या डोळ्यांनी. बाळ कपाळाला आठ्या घालून झोपलं होतं. तेलआत्याने त्याला उचललं, उताणं-पालथं करून पाहिलं, मान बघितली, बोटं उलगडली. "आईवर गेलाय. तूही अशीच आठ्या घालून आली होतीस." तेवढा वेळ ती फोन विसरली.

मग जावई म्हणाला, "आत्या, पासपोर्ट द्या. नोंदणीच्या ऑफिसात दाखवायला लागेल. कपाटात ठेवतो, हरवायला नको."

आता नाही म्हणायचं कसं? बाळ मांडीवर, चिमणी शेजारी. तिने पिशवीच्या तळातून पासपोर्ट काढून दिला. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज मात्र तिने नीट ऐकून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून फोनची शुश्रूषा सुरू झाली. जावयाने तो बंद करून चालू केला. विमानासाठीचं बटण लावलं, काढलं. मग एका पानावर नेऊन दाखवलं, "हे डेटा रोमिंग. परदेशात हे चालू लागतं. तुमच्याकडे बंद होतं, बघा."

"मी कधी बंद केलं?"

"तुम्ही नाही हो. ते मुळातच बंद असतं."

"मुळातच बंद होतं, तर मग तुम्ही काल गाडीत काय केलंत?"

जावयाने चिमणीकडे पाहिलं. चिमणीने छताकडे पाहिलं. बटण चालू झालं, फुली तशीच राहिली. मग त्याने नेटवर्क आपोआप निवडायचं सोडून एकेक कंपनी हाताने निवडून पाहिली. फोन जरा वेळ गोल गोल फिरे आणि प्रत्येक कंपनी त्याला दारातूनच परत पाठवी. शेवटी त्याने एक बारीक सुई घेतली, फोनच्या कुशीतल्या भोकात खुपसली आणि सिम बाहेर काढलं. तेलआत्या अशी वाकली, की त्याच्या चष्म्यावर तिचा श्वास जमला.

"हा लाल ठिपका कसला?"

"असाच."

"असाच म्हणजे?"

"पडला असेल. तुम्ही आपलं होतं तसं घाला. हेच घाला."

त्याने पुसून परत घातलं. तिने ठिपका आत जाईपर्यंत डोळा हलवला नाही. सिम बदललं नव्हतं खास. पण मग फुली का जात नव्हती?

"आत्या, तोवर घरचं वायफाय जोडून देतो," तो म्हणाला. "रोमिंगची गरजच नाही."

"नको." तिच्या गल्लीतल्या फोनवाल्याने बजावलं होतं, दुसऱ्याच्या वायफायवर गेलं की आपलं सगळं त्याला दिसतं. "मला माझंच हवं."

"मग माझ्या फोनवरून धाकटीशी बोल," चिमणी म्हणाली. "हा घे. लाव नंबर."

तेलआत्याने फोन हातात घेतला आणि थबकली. धाकटी ज्या नंबरवर भेटणार होती, तो तर आपलाच नंबर. तो इथे दाबला की सगळं उघडं पडणार. चिमणी आईला सांगणार, आई वस्तीला. तिने फोन परत केला. "राहू दे. झोपली असेल ती."

"भरदुपारी?"

"तिचं काही सांगता येत नाही."

नवरा-बायकोची नजरानजर झाली. ती तेलआत्याच्या नजरेतून सुटली नाही, आणि तिने तिचा आपल्यापुरता अर्थ लावला. त्यानंतर तिला सगळीकडे तेच दिसू लागलं. दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायची. बाळ झोपलंय म्हणून, असं म्हणायची. बोलता बोलता तिकडच्या भाषेत शिरायची. जावई बाहेर जाताना दार ओढून घेई आणि ते टिक् असं बंद होई. खालच्या दाराचे आकडे तिने विचारले, तर तो म्हणाला, "सांगतो की नंतर," आणि विसरला. खिडकीतून खाली माणसं दिसत, छत्र्या, कुत्रे, सायकली. त्यातलं एकही आपल्या हाकेला ओ देणारं नाही, असं तिच्या मनात येई.

ती काम मात्र चोख करी. बाळाला तेल लावताना बोटांत राग येऊ द्यायचा नाही, हा तिचा नेम. राग बोटांतून अंगात जातो, असं ती मानी. देवाचं नाव घ्यायची, तळवे चोळून गरम करायची, मग पोराला हात लावायची. पण चिमणीच्या पाठीला तेल लावताना एकदा तिच्या तोंडून गेलंच. "पोरी, तुझा नवरा करतो तरी काय नक्की?"

"हिशोब तपासतो कंपन्यांचे. का गं?"

"कुणाचं खोटं धरायचं, हेच काम ना?"

"हो. म्हणजे तुझ्यासारखंच," चिमणी हसून म्हणाली.

तेलआत्या हसली नाही. संशय घेणाऱ्या माणसाची तिला पुरेपूर पारख होती. तो आपला संशय दडवायला किती हुशार असतो, तेही तिला माहीत होतं.

एके सकाळी जावई घरीच होता. तेलआत्या तेलाची वाटी घेऊन बसली, बाळाला पायांवर घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "चिमणे, माझा पासपोर्ट दे. मला घरी जायचंय."

चिमणीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "का? काय झालं?"

"काही नाही. बाईमाणसाला आपल्या माणसांशी बोलता येत नसेल, तर त्या घरात तिने राहू नये."

"अगं, आम्ही तुला बोलू देत नाही का? मी माझा फोन पुढे केला होता. वायफाय देतोय. तूच नको नको म्हणतेस!"

"बघा जावईबापू, आवाज चढला."

"आत्या," जावई मधे पडला, "तुम्हाला जायचं असेल तर मी स्वतः विमानात बसवून देईन. पण त्याआधी एकदा तिकडच्या कंपनीला फोन करू द्या. नाहीतर सासूबाई म्हणतील, बाईला बिनफोनची ठेवली."

"करा. इथे, माझ्यासमोर करा. आणि आवाज मोठा ठेवा."

जावयाने आपला फोन टेबलावर ठेवला. बराच वेळ संगीत वाजलं. तेलआत्याचे हात बाळाच्या पायावरून चालत होते, कान टेबलाकडे. शेवटी एक मुलगी बोलली. जावयाने आत्याचा नंबर सांगितला, पॅक टाकल्याचं सांगितलं, काय काय करून पाहिलं तेही सांगितलं.

"सर, पॅक चालू आहे," मुलगी म्हणाली. "पण हा नंबर परदेशातल्या कुठल्याच नेटवर्कवर आलेला नाही. हा इथेच, देशात चालू दिसतोय."

"असं कसं? फोन माझ्यासमोर आहे."

"फोन असेल, सर. नंबर इथे आहे."

तेलआत्याचा हात बाळाच्या गुडघ्यापाशी थांबला. डबा इथे, तेल तिथे. तिला कळून चुकलं. पण जावई हिशोब तपासणारा माणूस. त्याने तो फोन ठेवला आणि सरळ तिचाच नंबर लावला. घंटी वाजली. या खोलीतला फोन मुकाच होता. दूर कुठेतरी कुणीतरी उचललं आणि एका दमात म्हणालं,

"आत्या बाळाला अंघोळ घालतेय, मागून फोन करते!"

बाळाने पाय झाडायचे थांबवले.

"कोण बोलतंय?" जावयाने विचारलं.

"तुम्हाला कोण हवंय? दिवस भरत आलेत का?"

"धाकटे," तेलआत्या जागेवरूनच म्हणाली, "मी आहे. गप्प बस."

"आक्का! अगं कुठे आहेस तू? जीव टांगणीला लागला माझा! आणि हे कंपनीवाले मला रोज मेसेज पाठवतायत, परदेशाचा पॅक चालू झालाय, प्रवास सुखाचा होवो म्हणून. मी इथे भांडी घासतेय! तुला डांबलंय का त्यांनी? पासपोर्ट घेतला का? नुसतं हो म्हण, मी पोलिसांत जाते!"

जावयाने घाईघाईने फोन बंद केला. मग त्याला हसू फुटलं. चष्मा काढून तो डोळे पुसत राहिला. "म्हणजे तुमचं सिम... तो ठिपका... अहो आत्या, पॅक नंबरवर असतो, फोनवर नाही. मी तुमच्या बहिणीला परदेशी पाठवलं!"

तेलआत्याही हसली असती. पण तिने चिमणीकडे पाहिलं. चिमणी हसत नव्हती.

"डांबलंय का," चिमणी म्हणाली. "असं वाटत होतं तुला? माझ्या घरात?"

"पोरी, धाकटीच्या तोंडाला काही धरबंध..."

"धाकटीचं सोड. तू सिम बदललंस ते आम्हाला सांगितलं नाहीस. माझा फोन हातात घेऊन परत दिलास. आम्हाला वाटायला लागलं, ही काय लपवतेय? हा म्हणाला, बाळाजवळ एकटं ठेवायचं का हिला? मी त्याच्याशी भांडले. स्वयंपाकघरात आम्ही तेच बोलत होतो, कळलं?"

इतक्या घरांत तेलआत्या गेली, पण बाळाजवळ हिला ठेवायचं का, असा प्रश्न तिच्याविषयी कुणी विचारला नव्हता. तो प्रश्न आजवर तीच इतरांविषयी विचारत आली होती.

चिमणी आत गेली. किल्ली फिरली. तिने पासपोर्ट आणून तेलाच्या पंच्यावर टाकला. "हा घे. जायचं असेल तर जा. आईला मी सांगेन काय ते."

तेलआत्याने पासपोर्टकडे पाहिलं. मग बाळाकडे. त्याचा एक पाय तेलाने चकचकत होता, दुसरा कोरडाच होता.

"अर्धं तेल लावलेलं पोर टाकून कुणी भांडत नसतं," ती म्हणाली. "आधी हा पाय होऊ दे. माझं चुकलंच. पण एक सांगते, रागावू नकोस. परक्या देशात बाईचा पासपोर्ट कपाटात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, तर तिच्या मनात काय यावं? खालच्या दाराचे आकडेसुद्धा मला माहीत नाहीत. घर पेटलं तर मी याला घेऊन कुठून उतरू?"

जावयाचं हसू मावळलं. "विसरलो," तो म्हणाला. "खरंच विसरलो, आत्या." त्याने तिथल्या तिथे आकडे सांगितले. तिने ते तोंडातल्या तोंडात घोकले.

"आणि पासपोर्ट माझ्याजवळ राहील."

"राहू दे," चिमणी म्हणाली, पण बाळाकडे बघत.

धाकटीच्या नंबरवर नवा पॅक पडला. सिमला परदेशाची परवानगी मिळाली, फोन बंद होऊन चालू झाला आणि फुलीच्या जागी रेघा उभ्या राहिल्या. जावई म्हणाला, "आलं!" सगळे फोनकडे बघत राहिले, पण घरातलं अवघडलेपण काही त्या रेघांबरोबर गेलं नाही. तेलआत्या पासपोर्ट उशीखाली ठेवून झोपे. चिमणी अंघोळीच्या वेळी काहीतरी काम काढून दारातच उभी राही, कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घाली. दोघींनाही दोघींचं कळत होतं. तेलआत्याने एकदाही "तू जा, मी बघते" असं म्हटलं नाही. उलट दार सताड उघडं ठेवून, उजेडाकडे तोंड करून ती बसू लागली, म्हणजे तिचे दोन्ही हात दारातून दिसावेत. ज्याने बघायचं त्याला बघू द्यावं. आपणही आयुष्यभर हेच केलं. देव तरी दुसरं काय करतो?

दिवस गेले. बाळ बाळसं धरू लागलं, मान सावरू लागलं. चिमणी दारातून आत आली, आधी खुर्चीवर, मग जमिनीवर, भिंतीला टेकून. एका सकाळी बाळाच्या पाठीवरून हात फिरवताना तेलआत्या म्हणाली, "बघ, इथे दाबलं की कसा हसतो." उत्तर आलं नाही. तिने मान वळवली. चिमणी भिंतीला टेकून झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, हातातलं दुपटं गळून पडलेलं. बाळंत झाल्यापासून अशी गाढ झोप तिला लागलेली तेलआत्याने पाहिली नव्हती.

तेवढ्यात शेजारचा फोन थरथरू लागला. धाकटी. आता ती रोज करायची, कुणाकुणाचे फोन आले त्याची सगळी खबर घेऊन. तेलआत्याचे दोन्ही हात तेलाने माखलेले, पायांवर बाळ. तिने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा चिमणीकडे. मग वाकून, कोपराने, मोठ्या कष्टाने तिने तो बंद केला.